गोपाळची पेटी

४ मार्च १९३४
शिमग्याला पावसचा रामा आला मुंबईहून. गिरणीत असतो, त्याचा बाप आमची पावसची बाग राखतो. ओटीवर बसून नारळ सोलता सोलता सहज बोलून गेला, "भाऊनु, गेल्या साली तुमचं आंबं आमी मुंबयत खाल्लाव."
कसले रे?
"त्या गिरगावातल्या सायबांची पेटी धक्क्यावरनं मीच न्हेऊन दिली न्हवं? माज्या म्होरंच उघडल्यानी. समद्या चाळीत वाटल्यानी. मला बी चार दिल्यानी. सोताला येक बी ठेवल्यानी नाय."
रामा खोटं बोलायचा नाही. त्याला काय पडलंय?
गिरगावातले साहेब म्हणजे आमचा गोपाळ. पुण्याला एका खोलीत, एकाच क्लबात जेवून बी. ए. झालो. तेव्हापासून दर वैशाखात त्याला हापूसची एक पेटी. तीही विहिरीकाठच्या झाडाची, ज्याचा आंबा मी कलेक्टरलासुद्धा देत नाही. आणि दर साली त्याचं कार्ड, "पेटी पोचली. गोडी अप्रतिम. साल चाटून खाल्ली."
साल चाटून! गेली कित्येक वर्षं कोर्टात शपथेवर खोटं ऐकतोय, पण हे घरपोच येत होतं.

१० मार्च
दत्तूचं पत्र. पुण्यात मास्तर आहे, आम्हां सगळ्यांना जोडणारा धागा तोच. यंदा पास होऊन पंचवीस वर्षं झाली, मे महिन्यात क्लबातल्या सगळ्यांनी जमायचं. पुण्याला नाही, रत्नागिरीला. माझ्या घरी. "गोपाळचा फार आग्रह आहे."
गो.चा आग्रह? ज्यानं पंचवीस वर्षांत बोटीत पाय ठेवला नाही? दर वेळी रजा नाही, समुद्र लागतो. आता एकाएकी समुद्र लागेनासा झाला.
होकार कळवला. पण दाल में काला है.

२५ मार्च
गो.चं स्वतःचं कार्ड. तब्येत विचारली, झाडाला मोहोर कसा, वहिनींचा संधिवात. आणि शेवटी हळूच, "तुमच्याकडे सिव्हिल हॉस्पिटल घरापासून किती लांब? डॉक्टर कसा आहे?"
आलं ध्यानात. थोरला मुलगा डाक्तरी शिकतोय. त्याची इथं वर्णी लावायची असणार. वकील मित्र, चार अधिकारी ओळखीचे. म्हणजे पेटी चाळीला आणि काम मला.
सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, माणूस भेटायला येतोय. तो यायच्या आधीच त्याला पिंजऱ्यात कशाला उभा करता?"
म्हटलं, पिंजऱ्यात उभा केल्याशिवाय माणूस खरं बोलत नाही.
"मग माझं लग्न झाल्यापासूनचं सगळं खोटंच धरायचं का?" असं म्हणून आत गेली. बायकांशी युक्तिवाद करू नये.

५ मे
विहिरीकाठचा आंबा उतरवला. पिकायला गवतात आढी घातली. यंदा गो.ला पेटी पाठवायची नाही, तो येतोयच. समोर बसवून खाऊ घालीन. बघू साल कशी चाटतो ते.

१७ मे
बोट आली, खोल पाण्यात उभी राहिली. आम्ही एकंदर सहा जमलो. पडावातून दत्तू आधी उतरला, पोट सुटलंय, आवाज तोच. मग गोपाळ. ओळखूच आला नाही. गालफडं बसलेली, कोट अंगावर टांगल्यासारखा. मिठी मारलीन. "बाळ्या, तू अजून तसाच रे!" मीही घट्ट धरला, खोटं का लिहू. आणि लगेच मनात आलं, कामाचा माणूस मिठी घट्टच मारतो.
पायात मोजे. मे महिन्यात, रत्नागिरीत! सगळे ओटीवर पाय धुवायला बसले, हा तसाच आत. साहेबी हो, दुसरं काय.

१८ मे
गो.वर नजर ठेवून आहे. नोंदी :
पाणी सारखं पितो. तांब्या उशाशी. विचारलं तर म्हणे, तुमच्या विहिरीचं पाणी गोड.
भात टाळतो. ताटात भाजी, ताक, एक भाकरी. सौ.नं केलेली फणसाची गोड सांदणं दुसऱ्याच्या ताटात सरकवलीन, मी पाहिलं.
दत्तूशी दोनदा कुजबुज. मी गेलो की बंद.
मुलाचा विषय मीच काढला. म्हटलं, पास झाला की इकडेच का येत नाही? तर चकित. "छे रे, त्याला मुंबईच बरी." पक्का आहे. साक्षीदार कसलेला दिसतो.
दुपारी म्हणाला, "बाळ्या, ते विहिरीकाठचं झाड दाखव ना एकदा. पेटीवर नाव लिहितोस ना तू, 'विहिरीकाठ' म्हणून." म्हटलं, परवा भाट्याची खाडी होडीनं ओलांडून सगळेच पावसला जाऊ. म्हणजे बागेवर डोळा? बाग विकायची नाही मला.
सौ. म्हणते, "भावजींना बरं नाहीये. त्यांचं तोंड बघा." म्हटलं, लाज वाटतेय त्याला, दुसरं काही नाही.

१९ मे
आज मोठी पंगत. आमरस-पुरी, फणसाची भाजी, सगळं. क्लबातला नियम सगळ्यांना आठवला: रविवारच्या मेजवानीत दोस्तानं वाढलेलं नाकारायचं नाही. जो वाटी उपडी घालील तो क्लबातून बाद. तेव्हा पोरं होतो, जिभेला फोड येईपर्यंत श्रीखंड खाल्लंय त्या नियमापायी.
रस वाढायला मी स्वतः उठलो. गो.नं वाटीवर हात ठेवलान.
"नको रे. पोट बरं नाही."
म्हटलं, विहिरीकाठचा आहे. दर साली साल चाटून खातोस ना?
सगळे हसले. दत्तू तेवढा नाही हसला. "पुरे रे बाळ्या, त्याला नको तर राहू दे." म्हटलं, मास्तर, शाळा पुण्यात. इथं क्लबचा कायदा. दत्तू काही बोलणार होता, गो.नं त्याच्याकडे पाहून मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलंन, बराच वेळ. आणि हात काढून घेतलान.
"तू वाढतोस ना? मग वाढ."
एक वाटी. आणखी एक. माझ्या गळ्याची शपथ घालून तिसरी. डोळे मिटून खात होता. वाटी बोटानं पुसून चाटलीन, पोरासारखी. "कित्येक वर्षांत असा आंबा खाल्ला नाही," म्हणाला.
मी तिथंच पकडला. मग गेल्या साली अख्खी पेटी चाळीत का वाटलीस?
गो. तेवढा हसला. "रामानं सांगितलं वाटतं. बरा मुलगा आहे." बस. तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायला.
जिंकलो. पण जिंकल्यावर जसं वाटायला हवं तसं वाटत नाही. पान उचलताना सौ.नं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२० मे
पावसला जायचं राहिलं.
सकाळी गो. उठेचना. हाक मारली की डोळे उघडतो, परत मिटतो. जीभ कोरडी, बोलणं जड. श्वासाला पिकून उतरलेल्या फळाचा वास. मला वाटलं, कालच्या रसाचाच. किती मूर्ख असावं माणसानं!
सिव्हिलचे डॉक्टर आले. पहिल्यांदा मोजे काढायला लावले. उजव्या पायाचा अंगठा काळा पडलेला.
"मधुमेह आहे यांना. कधीपासून?"
मी म्हटलं, कोणाला? गोपाळला?
दत्तू म्हणाला, "सहा-सात वर्षं झाली. साखर, भात, आंबा, सगळं बंद आहे त्याचं."
आणि तू मला सांगितलं नाहीस?
"त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, बाळ्याला कळलं तर तो पेटी बंद करील."
खुर्चीतून न्यावा लागला. दारापासून हॉस्पिटल जवळच आहे. म्हणून विचारत होता किती लांब ते.

२१ मे
सुईचं नवं औषध हॉस्पिटलात थोडं होतं. देव पावला. बाकीची मंडळी दुपारच्या बोटीनं गेली, कोणी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. दत्तू थांबलाय.
गणपतीला एकवीस प्रदक्षिणा घातल्या. मी! सौ. हसली नाही, म्हणाली, "मोजल्यात ना नीट? तुमचा कशावर विश्वास बसत नाही."

२३ मे
गो. शुद्धीवर. उशाशी बसलो. आणि सुरुवातच तक्रारीनं केली. वकील आहे म्हणे मी.
म्हटलं, नाही म्हणायचं होतंस. वाटी उपडी घालायची होतीस.
"तू बाद केला असतास."
मी काय खरंच...
"तुझा काय भरवसा." हसला. मग खोकला. मग म्हणाला, "पेटी आली की दोरी मीच सोडायचो. कोणाला हात लावू द्यायचो नाही. गवतात तोंड घालून वास घ्यायचो, आपली सगळी खोली आठवायची. मग वाटून टाकायचो. तुला सांगितलं असतं तर तू पेटीच्या जागी तब्येतीची चौकशी धाडली असतीस. चौकशी करणारे पुष्कळ आहेत."
इथंच का जमायचं म्हणालास?
"पुण्याला काय आहे आता? ते झाड बघायचं होतं एकदा." मग, "आणि तूही."
मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो. चपराशी बघत होता, बघू दे.

२४ मे
काल संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, पायाचं मुंबईतच बघायला हवं. पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधी नेलेलं बरं. गो. पुन्हा म्हणाला, झाड. डॉक्टर नको म्हणाले, होडी, बैलगाडी, हादरे. झालं नाही.
आज सकाळी लवकर मी एकटाच पावसला जाऊन आलो. त्या झाडाची एक डहाळी आणली, पानांसकट. पडावात गो.च्या मांडीवर ठेवली. दत्तू शेजारी. पडाव सुटल्यावर गो.नं ती हलवलीन. मी काही ओरडलो, लाटांत ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

२ जुलै
दत्तूचं पत्र. अंगठा कापला. बरा आहे.
"बरा आहे" म्हणजे काय? दत्तूवर आता विश्वास ठेवावा की नाही? त्यानं एकदा लपवलंय.

९ नोव्हेंबर
दिवाळीचं कार्ड गो.चं नाही. मी दोन पत्रं टाकली, चौकशीची. टाकल्यावर आठवलं, चौकशी नकोय त्याला. दत्तूकडूनही काही नाही. बोटी चालू झाल्यात, मुंबईहून आलेल्या प्रत्येकाला विचारतो. गिरगाव म्हणजे काय पावस आहे, सगळे सगळ्यांना ओळखतील?

२३ मार्च १९३५
रामा शिमग्याला आला. दारात पाऊल टाकायच्या आत धरला. साहेब कसे आहेत?
"मी गेल्तो भाऊनु. घराला कुलूप. शेजारीन बोलली, हवापालटाला गेल्यानी. कुटं त्ये तिला बी ठावं न्हाय."
हवापालट. की शेजारणीला असं सांगायला सांगितलंय? की खरंच गेलाय, नाशिकला, देवळालीला? उलटतपासणी करायला समोर कोणी नाही. माझ्या संशयाला आता गिऱ्हाईक फक्त मीच उरलोय.

२४ एप्रिल
विहिरीकाठचा आंबा उतरवला. मोहोर जळूनही चांगला धरलाय यंदा.
सौ.नं पेटी आणून ठेवली, गवत घातलं. विचारलंन, "भावजींची ना?" म्हटलं, घराला कुलूप आहे. ती म्हणाली, "मग चाळ तर आहे ना तिथंच?"
स्वतः भरली. एकेक आंबा पुसून, देठ वर. गवत जास्त घातलं, वास धरून राहतो. दोरीला गाठ सुटेल अशी मारली. वर नाव, पत्ता, आणि "विहिरीकाठ".
पडाव दुपारी गेला. इतकी वर्षं त्याच्या कार्डावर गोडी लिहून यायची आणि ती खोटी असायची. यंदा कार्डात गोडीचा एक शब्द नसला तरी चालेल. कार्ड मात्र यावं.