भाजक नसलेली संख्या

३ सप्टेंबर, लीड्स
आलो एकदाचे! घर लहानसं, पण मागे गार्डन आहे. बॉक्स उघडायच्या आधीच यतीनने चहा टाकला. मायराला शाळेचा निळा जम्पर, म्हणजे स्वेटर, इतका आवडलाय की काढायलाच तयार नाही. माझी बॉस सीमा इथेच जन्मलेली. "तुझी काम एकदम इम्पॉर्टंट आहे हं," मोडक्या मराठीत म्हणाली. काम असं: कोट्यवधी अंकांची एक संख्या मूळ आहे का, ते दुसऱ्यांदा तपासायचं. मूळ, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. पहिली तपासणी कुणी केली, विचारलं. सीमाला नाव आठवेना.

१९ सप्टेंबर
चाचणी संपली. हिच्यात साध्या भागाकाराच्या उलट असतं: शेवटची बाकी शून्य आली तर संख्या मूळ. शून्यच आली! टाळ्या झाल्या, केक कापला. कोपऱ्यातल्या डेस्कवर एकजण मात्र रडत होता. याआधी कधी पाहिला नव्हता. अंशुमन, पहिली तपासणी त्याची. मी दिसतोय का तुला, असं परत परत विचारत होता.

२२ सप्टेंबर
सीमाने गुड मॉर्निंगला उत्तर दिलं नाही. हात केला तरी बस थांबली नाही. अंशुमन म्हणतो, त्याचंही असंच सुरू झालं. जो सिद्ध करतो तो त्या संख्येसारखा होतो, कुणाशीच काही सामाईक उरत नाही. बायको त्याच्यासमोरून निघून जाते. एखादा भाजक सापडला तर कदाचित दोघं सुटू, म्हणाला. मला तो भ्रमिष्ट वाटला. घरी आले, तर यतीनने दोनच पानं वाढली होती.

२६ सप्टेंबर
शोधतेय. चाचणी पुन्हा लावली, कुठेतरी चूक निघू दे म्हणून हात जोडले — शून्य. भाजक नाही. असूच शकत नाही — मीच तर सिद्ध केलंय. आज अंशुमनचं डेस्क रिकामं. की आता मलाही तो —

२७ सप्टेंबर
यतीन फोनवर आईंना सांगत होता, आम्ही दोघं बापलेक मजेत आहोत. मी त्याचा हात धरला. गार वारं येतंय म्हणाला, उठून खिडकी लावली.

रविवार
टेबलाशी बसलेय. मायरा समोर. लिहितेय, म्हणजे मी आहे —
तिने मान वर केली. माझ्याकडे — नाही, पेनकडे.
"बाबा, बघ ना! पेन आपोआप हलतंय!"
यतीन येतोय. मी घट्ट धरलंय. दोन्ही हातांनी — पण त्याने अगदी सहज उच