वाकलं की दुखतं

पौड,
१४ फेब्रुवारी १९८३

तीर्थरूप भीमाक्कांना,
रत्नाचा सप्रेम जयभीम.

आम्ही खुशाल आहोत. तुमचे भाऊ कचेरीतून आल्या आल्या चहा मागतात आणि निम्मा ठेवून देतात, ते तसंच. परसातला शेवगा फुलला आहे. आधीच्या दोन पत्रांना तुमचं उत्तर नाही, हे तरी वाचा. अक्षर मोठं काढलंय, चष्मा शोधू नका.

परवा पुण्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले होते. माझं ते जुनं डोकं दुखणं! तुम्ही सहाणेवर वेखंड उगाळून माझ्या कपाळाला फासायचा आणि म्हणायचा, "आता कशी दिसतीया मडमीण!" आळीभर हसू व्हायचं. लेप वाळून ताणायला लागला की बरं वाटायचं. तुमचा हात कपाळावर असायचा, म्हणूनही असेल.

आणि ती वरची दाढ? मी गाल धरून रडत होते, तुम्ही मला एसटीत घालून ती काढायला नेलंत. ओरडू नये म्हणून स्वतःचं मनगट माझ्या हातात दिलंत. आक्का, ती दाढ चांगली होती हो! डॉक्टर म्हणाले, गालाच्या हाडात पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. तिचा तळ वरच्या दाढांच्या मुळांशी. ती सुजून तुंबली की वाटतं दाढच दुखते. कपाळातली तुंबली तर भुवयांच्या वर ठणकतं, नाकाजवळची तुंबली तर दोन डोळ्यांच्या मधे. "पण प्रत्येक डोकेदुखी सायनसची नसते, बाई," असंही म्हणाले. मग मला पुढे वाकायला सांगितलं. वाकले, तर गाल आणि कपाळ फुटतंय असं झालं.

"हेच ते," डॉक्टर म्हणाले. मला तिथेच रडू आलं.

आत्याबाई गेल्यावर पुण्यानुमोदनाला त्यांच्या फोटोपुढे सगळे वंदनेत वाकले आणि मी हात जोडून ताठ बसले. चपला घालताना तुम्ही म्हणालात, "मिशनच्या साळंत गोऱ्या बायांनी ताठ ऱ्हायला शिकवलं, ते माझ्या आईपुढंबी सुटलं न्हाई व्हय?" तेव्हापासून तुम्ही या घरचं पाणी प्यायला नाहीत.

त्या दिवशी अंगात ताप होता, डोळ्यांखाली घण पडत होते. पण जिची आई गेली तिला आपल्या डोक्याचं काय सांगायचं?

अजून एक आहे, ते डॉक्टरांनाही सांगितलं नाही. लग्न होऊन आले त्या दिवशी मी आत्याबाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी माझे खांदे धरून मला वर उठवलं. "ऱ्हाऊ दे गं. डोकं दुखतंय न्हवं तुजं?" नुसते डोळे बघून ओळखलं त्यांनी. पुढे कधी त्यांनी मला पुरतं वाकू दिलं नाही. पुण्यानुमोदनाला त्यांच्या फोटोपुढे वाकले असते, तर खांदे धरायला कुणी नव्हतं. ते मला सोसलं नसतं.

डॉक्टरांनी पोकळी धुऊन काढली, औषध दिलं. आता बरंच हलकं आहे. आज सकाळी फोटोपुढे कपाळ जमिनीला टेकलं. दुखलं नाही. पण कितीतरी वेळ तशीच राहिले.

येत्या पौर्णिमेला घरी वंदना आहे. सहाण धुऊन ठेवली आहे. मी वाकेन, आक्का. उठवायला तुम्ही या.

तुमचीच मडमीण,
रत्ना