ट्रॅक्शननंतरचा अर्धा तास

दि. ९ मार्च

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतचा आईसाठीचा वृद्धाश्रमाचा फॉर्म पोचला. मी सही करणार नाही. आता बाकीचं वाच.

तू माझ्या पाठीचं कारण पुढे केलंस, म्हणून आधी पाठीबद्दल. आठवड्यातून तीनदा ट्रॅक्शनला जाते. छातीला एक पट्टा, कमरेला एक. यंत्र कमर खाली ओढतं, सैल सोडतं, पुन्हा ओढतं. वीस मिनिटं. पहिल्या दिवशी मी फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारलं, "गुन्हा कबूल करून घेताय का?" त्या म्हणाल्या, "काकू, गप्प पडा. बोललात की पाठ ताठते." मला गप्प करणारी ही दुसरीच. पहिली आपली आई.

गुण आला आहे. पाठ लाकडासारखी राहिली नाही. वाकून चपलेचा पट्टा लावता येतो.

आई बरी आहे. डावा दंड अजून काळानिळा आहे. ती पलंगावरून घसरली, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं.

घसरली नाही. माझ्या हातून सुटली.

ट्रॅक्शननंतर अर्धा तास पडून राहायचं, त्या दिवशी जड उचलायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. पण वर्षभरात पहिल्यांदाच काही दुखत नव्हतं. वाटलं, झाले बरी! तडक घरी आले आणि आईला एकटीने उचलून खुर्चीत बसवायला गेले. अर्ध्यावर कमरेत उसण भरली. दोघीही जमिनीवर. मी रडायला लागले, तर आई म्हणते, "पडले मी आणि रडतेस तू? शेजारणीला हाक मार. आणि त्याला कळवू नकोस, लगेच कागद घेऊन येईल."

चूक माझी. शिक्षा तिला होऊ देणार नाही. आता शेजारीण सकाळ-संध्याकाळ येते. आईच्या अंगाखालच्या चादरीची दोन टोकं ती धरते, दोन मी, आणि "एक, दोन, तीन" आई स्वतः म्हणते. ट्रॅक्शनच्या दिवशी मी चादरीला हातही लावत नाही. शेजारणीची सून येते.

हे पत्र माझ्याविरुद्ध वापरता येईल, ठाऊक आहे मला. खुशाल वापर. पण आधी इथे ये, आईच्या उशाशी बस आणि त्या फॉर्ममधला एकेक प्रश्न तिला मोठ्याने विचार. उत्तरं ती देईल. ऐकायची तयारी ठेवून ये.

इथेच असलेली,
तुझी ताई