सर्व्हरवरचा महिपती

३ ऑक्टोबर २०२१
कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालला पोचलो. वर्ल्डकपच्या स्टेडियमला माणसं पुरवणारी कंपनी आहे. मॅनेजर नसरुद्दीनने पासपोर्ट काढून घेतला आणि वर म्हणाला, हजेरीची साइट दसऱ्यापर्यंत चालू झाली तर बायकोचा व्हिसा करतो. कोणता कामगार आत, बाहेर की रजेवर, हे त्याच्या घरच्यांना गावाकडे दिसायला हवं. वेब सर्व्हर मी जन्मात उभा केलेला नाही, पण शिकेन. अंतराला कळवलं, बॅग भरायला घे.

६ ऑक्टोबर
पोर्टाकेबिनमध्ये मी, एसी आणि एक मशीन. खिडकी नाही. मशीन कोरं करून सुरुवात केली. एक ओळ बदला, रीस्टार्ट करा, पान उघडत नाही, पुन्हा डोकं फोडा. काल पोर्टच बंद होता. आज फाइल वाचायची परवानगी द्यायला विसरलो होतो. दुपारी पान उघडलं आणि मी एकटाच नाचलो. नसरुद्दीन म्हणे, यल्ला, चल, आता केबिनचं दारही ह्यालाच जोड, कार्डाशिवाय आत-बाहेर बंद. कौतुकाचा शब्द नाही. खडूस मेला.

९ ऑक्टोबर
दार जोडलं. साइटवर गिरीश ह्या माझ्या नावाखाली एक नाव आपोआप आलंय. महिपती, रजेवर. पुसलं, रीस्टार्ट केलं, परत आलं. आता म्हणतंय, महिपती, आत. नसरुद्दीनला विचारलं. तुझ्या आधीचा माणूस, रजेवर गेला तो आलाच नाही, म्हणाला. मग माझ्यावरच खेकसला.

१५ ऑक्टोबर, दसरा
शुक्रवार, ऑफिस रिकामं. वडिलांचं लेथ मशीन दसऱ्याला कधी चाललं नाही, पूजा आणि विश्रांती. मीही हळदकुंकू लावलं, दोह्याच्या सूक वाकिफ बाजारातला झेंडू वाहिला आणि मेन स्विच पाडला. निघताना दाराला कार्ड टेकवलं. दार त्याच सर्व्हरवर आहे. गाढव आहे मी.

स्विच वर केला. काहीच चालू होत नाही.

एसी नाही. अंगाची लाही होतेय. नसरुद्दीनला फोन लावला. चेष्टा नको, साइटवर तू रजेवर दिसतोस, म्हणाला आणि ठेवला. पण मशीन बंद आहे. साइट दिसतेय कशी?

कंपनीचा ड्रायव्हर दिलावर, त्याला लावला. तो म्हणाला, महिपतीही ईदच्या सुट्टीत ह्याच केबिनमध्ये अडकला — साइटवर रजेवर दिसत होता, म्हणून कोणी शोधलंच नाही — दिलावर दोह्याहून निघालाय. लांब आहे. मला भीती वाटतेय.

अंतराचा फोन. तीही साइट बघतेय. गिरीश, रजेवर. महिपती, आत.

आत तर मी एकटा —

दाराचा बीप वाजला. माझं कार्ड खिशात आहे. दार उघडलं — उठलो — कोणीतरी मला ढकलून पुढे — दार लागलं.

अंतरा रडतेय. महिपतीपुढे आता बाहेर असं आलंय म्हणते. आणि माझ्यापुढे —