सत्तावन्न विधवांचे एक वाक्य

प्रति,
मा. अधिष्ठाता,
कला महाविद्यालय, कफ्र अल-तूत.

अर्जदार : शहात अल-बद्रावी, अर्जलेखक, कचेरीच्या फाटकाबाहेर, डावीकडील टेबल.

विषय : अंतिम वर्षाच्या इंग्रजी व तुलनात्मक साहित्याच्या प्रबंधापायी एका विधवेचे निवृत्तिवेतन अडल्याबाबत.

संदर्भ : निवृत्तिवेतन कचेरीचा शेरा, दि. ९ सप्टेंबर १९९८.

महोदय,

१. कन्या नरमीन हिला आपल्याकडे धाडताना अर्जदाराने मिळकतीचा अंदाज बांधला होता, तो असा : इंग्रजी येणारी मुलगी म्हणजे कैरोत बँकेची खुर्ची, ती हुकली तर आखातात नोकरी करणारा जावई, तोही हुकला तर अर्जदाराच्या टेबलावर ‘इंग्रजीतही अर्ज लिहून मिळतील’ अशी पाटी. तोटा कुठल्याच बाजूने दिसेना. संशय तेव्हाच यायला हवा होता.

२. अंतिम वर्षात कन्येने अर्जदाराच्या जुन्या नकलांची ट्रंक उघडली. ‘कशाला गं?’ विचारता म्हणाली, ‘बाबा, तुमचं साहित्य अभ्यासतेय.’ एकतीस वर्षांत अर्जदाराच्या लिखाणास साहित्य कोणी म्हटले नव्हते. अर्जदार फुगला. कन्येने विधवांचे सत्तावन्न अर्ज काढले, शेजारी दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज गरिबांची मदतीची पत्रे मांडली आणि सत्तावन्न अर्जांत एकच वाक्य असल्याचे तक्त्यानिशी दाखवले : ‘माझ्या चुलीत तीन दिवस मांजर झोपते आहे.’ श्रेणी उत्कृष्ट.

३. अर्जदारास इंग्रजी येत नाही. सबब प्रबंधाची एक प्रत, वर बसबूसा मिठाईचा पुडा ठेवून, त्याने निवृत्तिवेतन अधिकारी गिर्गिस बे यांना स्वहस्ते नेऊन दिली. हेतू मिरवण्याचा होता, हे लपवीत नाही. साहेबांना इंग्रजी येते. त्यांनी पुडा संपवला, तक्ता वाचला आणि समोर पडलेला, त्याच वाक्याचा अठ्ठावन्नावा अर्ज उचलला. म्हणाले, ‘काय अफेंदी, हे मांजर सरकारी नोकर आहे काय? सगळ्या जिल्ह्यात ड्यूटी करतंय!’ शेरा मारला : ‘मजकूर नकली. चौकशी व्हावी.’

४. तो अर्ज इन्शिराह यांचा. पती कालव्याच्या दरवाज्यावर राखणदार होते, मार्चमध्ये बुडाले. शेरा ऐकून बाई म्हणाल्या, ‘अफेंदी, माझा नवरा एकदाच मेला ना? मग सत्तावन्न जणींचा हिशेब माझ्याकडे का?’ त्यांची चूल आज खरोखर थंड आहे. तसे लिहावे तर नक्कल ठरते. न लिहावे तर कागद कोणी उघडत नाही.

५. अर्जदाराचा पहिला संशय प्रबंध करवून घेणाऱ्या आपल्याकडील प्राध्यापिकाबाईंवर होता, दुसरा कन्येवर. कन्या उसळून म्हणाली, ‘बाबा, शेवटचं पान वाचलं का कुणी? मी लिहिलंय की हे वाक्य नसेल तर साहेब लोक अर्ज बाजूला टाकतात. इंग्रजांकडेही तेच होतं. दोष लिहिणाऱ्याचा नाही, वाचणाऱ्याचा आहे.’ अर्जदाराने ते पान तिच्याच वर्गातील दुसऱ्या मुलीकडून, कन्येला न सांगता, वाचून घेतले. मजकूर तोच निघाला. आपल्याकडे चार वर्षांत काय मिळते, ते अर्जदारास तेव्हा कळले : शेवटच्या पानापर्यंत जाण्याची सवय. गिर्गिस बे यांना ती नाही.

६. तरी विनंती की, शेवटच्या पानाचा अरबी तर्जुमा महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी साहेबांस धाडावा. सोबत मिठाई धाडू नये.

७. एकूण पाहता, कन्येस उत्कृष्ट श्रेणी मिळाली, प्राध्यापिकाबाईंस परिषदेचे निमंत्रण, गिर्गिस बे यांस दक्ष अधिकारी म्हणून वरून शाबासकी. अर्जदाराचे टेबल आहे तिथेच आहे. किंमत मोजली ती इन्शिराहबाईंनी : सात महिने, पाच बदके आणि धाकटीची शाळा.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, आदर व संशय दोन्ही राखून,

शहात अल-बद्रावी
दि. १७ ऑक्टोबर १९९८

सोबत :
१. शेऱ्याची नक्कल.
२. प्रबंधाचे शेवटचे पान.
३. कोरा कागद, खाली इन्शिराह यांचा अंगठा. वर काय लिहावे, ते आपण कळवावे.