तक्रार नाही

पिंप्राळा, जळगाव
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत. ललितची बारावीची परीक्षा काल सुरू झाली. पहिला पेपर सोपा गेला म्हणतो, म्हणजे निकाल लागेपर्यंत आपण गप्प बसायचं. यंदाच्या थंडीने यावलकडच्या केळीला चरका बसला असं पेपरात वाचलं. तुझ्या बागेचं काय? दिपमालावहिनीचे गुडघे कसे आहेत?

फोन सोडून पत्र कसलं लिहिते, असं म्हणशील. फोन तू उचलत नाहीस, आणि वहिनीने उचलला की तुझी उत्तरंही तीच देते. "ते बरे आहेत, मोटारीकडे गेलेत." दिवाळीपासून तू मोटारीकडेच गेलेला आहेस. एवढं पाणी केळीलाही सोसायचं नाही.

माझं काम चालू आहे. आठवड्यातून दोनदा धुळ्याला जाते, बाकीचे दिवस खेड्यांवर. कॉलेजचा अभ्यास आहे, तुला माहीतच आहे, तुझ्याकडेही आमची माणसं येऊन गेली. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले चौसष्ट माजी सैनिक, ज्यांनी दवाखान्यात उपचार सुरू केले आणि मध्येच सोडून दिले. कोणाची शुगर, कोणाचं बीपी, आणि बऱ्याच जणांचं ते, जे डॉक्टर केसपेपरवर बारीक अक्षरात लिहितात: झोप नाही, दचकणं, राग. त्यांनी का सोडलं आणि दवाखान्याने काय बदलावं, हे शोधायचं. चाळीस प्रश्नांचा फॉर्म आहे. दुसरी यादी आहे भरतीत बाद झालेल्या पोरांची. गाव त्यांना आधीच 'फौजी' म्हणायला लागलेलं असतं, आणि मग धावण्यात दोन सेकंद जास्त लागले की पोरगं खोलीबाहेर येत नाही. त्यांचं काम पुढच्या महिन्यात सुरू होईल.

पहिल्या यादीत मात्र मी एक चूक करून बसले. घरोघरी जाणाऱ्या आमच्या बायकांना मी पानभर सूचना लिहून दिल्या होत्या. त्यातली पहिलीच सूचना अशी: प्रत्येकाला त्याच्या हुद्द्यानेच हाक मारायची. सुभेदार साहेब, हवालदार साहेब. काका, नाना, आबा असलं काही नको. मला त्या सूचनेचा फार अभिमान होता. आपल्याकडे लग्नपत्रिकेतही फौजीच्या नावामागे हुद्दा येतो, दारावरच्या पाटीवर येतो, मग फॉर्म भरताना का नको?

पहिली फेरी झाली. चौसष्टपैकी एकावन्न फॉर्म 'तक्रार नाही'. झोप? उत्तम. राग? नाही. औषध का सोडलं? बरं वाटलं म्हणून. आमच्या मॅडम म्हणाल्या, "चारुलता, एवढे सगळे ठणठणीत असतील तर अभ्यास कशाला, दवाखानाच बंद करू या."

ही गाठ सोडवली ती रत्नाताईने. ही धुळ्याकडची बाई, आशाताई म्हणून पंधरा वर्षं गावोगाव फिरलेली. लेखी सूचना वाचणं तिच्या स्वभावात नाही. फॉर्मवरची राहिलेली सही घ्यायला ती यादीतल्या अभिमन नानांकडे गेली आणि हुद्दाबिद्दा विसरून म्हणाली, "नाना, जेवनात का?" नाना म्हणाले, "जेवनू माय, पन झोप नही शे माले. सा महिना व्हयनात." आणि मग दुपारपर्यंत बोलत राहिले. याच नानांनी आधी चाळीसच्या चाळीस प्रश्नांना 'ठीक' म्हटलं होतं. रत्नाने विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं? तर म्हणाले, "साहेब म्हना का मानूस सावधानमा उभा ऱ्हास. उभ्या उभ्या कोनी रडस का?"

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, आणि माझी सूचना फाडली. एकावन्न जणांकडे आम्ही पुन्हा गेलो. आधी जेवणाचं विचारायचं, मग घरचं, मग फॉर्म. सदतीस जणांची उत्तरं बदलली. अहवालात याची एक ओळ होईल.

तुझा फॉर्म एकेचाळीसवा. खरं तर मी तो बघायला नको होता. नात्यातल्या माणसाचा फॉर्म दुसऱ्याने भरायचा आणि दुसऱ्यानेच तपासायचा, असा नियम आहे. मी बघितला. पहिल्या फेरीत 'तक्रार नाही'. दुसऱ्या फेरीत मुद्दाम रत्नाला पाठवलं, तरी 'तक्रार नाही'. तिने जेवणाचं विचारलं, तू चहा पाजलास, केळीची फणी हातात दिलीस, आणि चाळीस प्रश्नांची उत्तरं उभ्यानेच दिलीस. खुर्ची शेजारी होती म्हणे. परत आल्यावर ती म्हणाली, "ताई, तुमना भाऊले कोनी तरी पहिलेच सावधान म्हनेल शे."

मी चहा गाळला.

आता कामाचं. या अभ्यासातून एवढं तरी निघालं, की महिन्यातून दोन गुरुवारी डॉक्टर यावललाच येऊन बसणार आहेत. दोन बस बदलून शहर गाठायचं आणि नंबर लागेपर्यंत परतीची गाडी चुकवायची, ही भानगड संपली. पण 'तक्रार नाही' लिहिलेल्यांची नावं त्या डॉक्टरकडे जात नाहीत. यादी अठ्ठावीस तारखेला बंद होते. त्याआधी डॉक्टर येणार तो गुरुवार एकच, वीस तारीख. मी सकाळच्या बसने येते. माझ्याजवळ फॉर्म नसेल. दोघं जाऊ, बाहेरच्या बाकावर बसू. आत जावंसं वाटलं नाही तर उठून घरी येऊ, मी एका शब्दाने विचारणार नाही.

एवढं लिहून पत्र बंद करणार होते. बारावीचं झालं, केळीचं झालं, डॉक्टरचं झालं. पण मग मी तुला पुन्हा फॉर्मच पाठवला असं होईल.

दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज. ओवाळायला वेळ होता, तू स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकलास. मी शेवभाजीच्या मसाल्याची तयारी करत होते. तू म्हणालास, "चारू, घर खायला उठतं मला. गोळ्या सोडल्यात. मला भीती वाटते." नंतर मिक्सरचा आवाज. मी मान वर न करता "काय रे?" म्हटलं. तू म्हणालास, "काही नाही." मग मी मोठ्याने हाक मारली, "हवालदार साहेब, चला बाहेर, कॉलनीतली मुलं तुमची वाट बघतायत." तू गेलास. तासभर त्यांना बर्फातल्या चौकीच्या गोष्टी सांगितल्यास. मुलं खूश, मीही खूश. ओवाळताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस, आणि सकाळी पहिल्या बसने गेलास. तेव्हापासून तू कोणालाच काही सांगितलेलं नाहीस.

घरात घाबरायची मुभा मला होती, तुला नव्हती, हे मी धरूनच चालले होते. तू घाबरलेला मला नको होतास. हे फार वाईट आहे, भाऊ, आणि मला त्याची लाज वाटते. अभिमन नानांसाठी रडले मी, तुझ्यासाठी सूचना लिहिली.

चारूला ऐकूच गेलं नाही, असं तू इतके दिवस समजत असशील. ती समजूत तुझ्याकडे राहू द्यावी असं मला फार वाटत होतं. पण मिक्सर आधी चालू नव्हता. तुझं बोलून झालं, आणि मग मी तो लावला.

गुरुवारी दहापर्यंत पोचते.

तुझं सगळं ऐकू आलेली,
चारू