हत्यार लागलेलं विमान

नाना, काल तुमच्या नातीशी माझं भांडण झालं. तुम्ही तिला पाहिलंच नाहीत. आता दहा वर्षांची आहे आणि तोंडाने तिखट. कॉलेज रोडवरून तिच्यासाठी विमानाचं किट आणलं. वाटलं होतं, त्या निमित्तानं तासभर तरी माझ्याशेजारी बसेल, हल्ली बसतच नाही. तर सुटे तुकडे बघून म्हणते, "आई, हे रेडिमेड मिळतं की गं! एवढं चिकटवत कोण बसणार?" मला असा राग आला म्हणून सांगू! खोका टेबलावर आपटला.

तुम्ही आठवडाभर विमानाच्या कारखान्यात नुसत्या शेपट्या जोडायचात. "एक अख्खं विमान तरी हातून होऊ दे," म्हणत रविवारी सिडकोतल्या आपल्या दोन खोल्यांत पेपर अंथरून किट घेऊन बसायचात. आई भाकरी थापता थापता ओरडतेय, "त्या गोंदाचा वास भाकरीला लागतोय हो!" तुम्हाला ऐकूच जात नाही. मी शेजारी, वाळेपर्यंत पंख धरून बसलेली.

खंडेनवमीला पक्कड, कानस, ब्लेड यांच्याबरोबर अर्धवट विमानही पाटावर असायचं. एकदा तुम्ही वाहिलेलं कुंकू ओल्या गोंदावर पडलं आणि पंखाला कायमचं चिकटलं. मी पुसायला गेले तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे. आता ते घरचं झालं." मग मीही मामानं मुंबईहून आणलेलं चकचकीत तयार विमान पाटावर ठेवलं. तुम्ही ते हळूच उचलून शोकेसमध्ये ठेवलंत. "चांगलं हाय. पण त्याला आपलं हत्यार कुठं लागलंय?" केवढी हिरमुसले होते मी!

काल हेच मी लेकीला ऐकवलं, अगदी तुमच्या थाटात. तिनं शांतपणे विचारलं, "तुला आवडायचं का गं हे करायला?"

आज तिला तयार विमान आणून दिलं. ते घेऊन ती खाली पळालीसुद्धा. उत्तर द्यायचं राहिलंच. हे पत्र काही कुठल्या पेटीत टाकता येणार नाही, तेव्हा तुम्हालाच सांगून टाकते. नाही आवडायचं, नाना. बोटं चिकटायची, मान अवघडायची, जीव कंटाळून जायचा. पण कामावरून आलात की तुम्ही कुणाशी चकार शब्द बोलायचा नाहीत, आणि रविवारी पंख धरायला मात्र मलाच हाक मारायचात.